दीदीला सांडणारं पाहिजे

...आणि सासूबाईंची सुपारी थांबली. तिथेच मला खटकलं होतं, तुम्हाला सांगते, पण माझं कोण ऐकतं, मीच माझं ऐकत नाही. सदर बाजारातलं दुकान, बाहेर स्कूटरवाल्यांची पीं पीं, आत तो भैय्यालाल नावाचा दुकानदार काळ्या काचेच्या एका चौकोनावरून असा हात फिरवून राहिला होता जसा काही नातवाच्या डोक्यावरून, आणि म्हणतो कसा, "माताजी, इसकी सबसे बड़ी खूबी सुनिए... इसमें दूध कभी उफनता ही नहीं." पियुष, म्हणजे माझा नवरा, "वाह" म्हणाला. सासरे म्हणाले, "टेक्नॉलॉजी आहे." मीही मान डोलावली, मूर्खासारखी. आणि सासूबाई... ज्यांचा जबडा मी या घरात आल्यापासून एकदाही थांबलेला पाहिला नाही, दुपारी डोळा लागला तरी आत काहीतरी कुटणं चालू असतं... त्या थांबल्या. सुपारी गालात, नजर काचेवर, आणि एकदम हळू आवाजात, "मंग आमच्या दुधाचं कसं?"

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दुधावरून काहून एवढी डोकं खाऊन राहिली. आमच्यात नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटली की तिच्यावर दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. घरात सगळं असंच भरून वाहो म्हणून. ते सांडलं की हात जोडायचे, मग घर आपलं. नाही सांडलं तर घर आपलं नाही, बिल्डरकडून कागद मिळो नाहीतर देवाकडून. आणि इथे हा भैय्यालाल अभिमानाने सांगतोय की सांडणारच नाही. गॅरंटीने सांडणार नाही. कंपनीने त्यासाठी मोठमोठे इंजिनीअर बसवलेत म्हणे. कशासाठी? तर माझ्या सासूचं दूध वर येऊ नये यासाठी.

घर कुठलं विचाराल तर नवा रायपूरचं. पियुष तिथे मंत्रालयात आहे, फायली घेऊन फिरणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवायची नोकरी आहे त्याची. म्हणून तिथे फ्लॅट घेतला. तुम्ही पाहिलंय का ते नवं शहर? रस्ते असे की विमान उतरेल, आणि कोथिंबिरीची जुडी पाहिजे असेल तर जुन्या शहरात या. पण मला जायचं होतं हो तिथे. आत्ता आम्ही बीरगांवला राहतो, सगळे एका घरात, एका स्वयंपाकघरात, आणि त्या स्वयंपाकघरात गॅस आहे आणि मला गॅसची भीती वाटते. हो, वाटते. एम.कॉम. झालेय मी, तरी वाटते. ते लायटर टिक टिक टिक करतं, काहीच होत नाही, तुम्ही जरा वाकून बघता आणि मग भक्क. प्रत्येक वेळी मी मागे उडी मारते आणि प्रत्येक वेळी माझी जाऊ सोनियाताई मागे उभीच असते, आणि म्हणते, "आली आमची फटाकडी." रोज. सकाळ-संध्याकाळ. पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर.

म्हणून पियुषने जेव्हा विचारलं की तिकडच्या किचनमध्ये तुला काय पाहिजे... लग्नानंतर पहिल्यांदा त्याने काही विचारलं होतं, तेही हिंदीत, मी मराठीत बोलते आणि तो हिंदीत उत्तर देतो, असा आमचा संसार आहे... तर मी डोळे मिटून म्हटलं, इंडक्शन. ओट्यात बसवलेलं, काचेचं. जाळ नाही, लायटर नाही, भक्क नाही. आणि सासूबाई चक्क हो म्हणाल्या. फक्त एक अट. "ज्या चुलीवर दूध उतू गेलं नाही त्या घरात माया पोट्टा राहणार नाही. अन् तू बी नाही. इथंच राहा लागन." इथंच म्हणजे बीरगांव. इथंच म्हणजे लायटर. आता कळलं का मी त्या भैय्यालालला काय विचारलं असेल ते?

मी विचारलं, "भैया, वो सब ठीक है. पण दूध उतू जाईल का?"

तो हसला. लहान मुलाला हसतात तसा. "दीदी, टेंशन ही मत लो. नहीं गिरेगा."

"नहीं भैया. गिरना चाहिए."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पियुषकडे, मग मागच्या गोदामाकडे तोंड करून ओरडला, "शंकर, ज़रा इधर आना तो. दीदी को गिरने वाला चाहिए." आणि आख्खं दुकान वळून माझ्याकडे बघायला लागलं, मिक्सर घ्यायला आलेली बाई मिक्सर सोडून मला बघू लागली. असे लोक असतात बघा. घरी हजार वेळा दूध सांडवतात, फडक्याने पुसतात, पण दुकानात कोणी सांडणारं मागितलं की यांना वेड्यांचं इस्पितळ आठवतं.

त्यात आमचे बाबा, म्हणजे सासरे, श्यामराव. ते सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते, आता रिटायर आहेत. आणि ती भट्टी होती इंडक्शनची. झालं. आता इंडक्शनवर या घरात दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. जिच्यात ट्रकचे अॅक्सल वितळून पाणी होतात ती भट्टी आणि ज्यावर मी वरणाला फोडणी देणार ती काच, बाबांच्या दृष्टीने फरक फक्त आकाराचा. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना दोन पावलं मागे घेतलं. मला म्हणाले, "बांगड्या काढ. मंगळसूत्र आत घाल. घड्याळ कोणी घातलं आहे काय?" भैय्यालालने आपलं घड्याळ पाठीमागे लपवलं, एवढा आवाज होता. मग बाबा खाली वाकले, काचेच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "याले पाण्याची लाइन कुठून देता?"

"पानी? बाबूजी, इसको तो पानी से बचाना है."

"कॉइल गरम होते नं. पाणी फिरलं नाही तं कॉइल फुटते. अन् कॉइल फुटली तं शेड खाली करा लागते."

भैय्यालाल म्हणाला, "अंदर पंखा है, बाबूजी."

"पंखा," बाबा म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून पुन्हा एकदा, "पंखा लावून राहिले भट्टीले." आणि ते दुकान बाद झालं. एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या धंद्याचा असा कोणी अपमान केला नसेल, आणि तुम्हाला सांगते, मला जरा बरंच वाटलं.

मग दुसरं दुकान. मग तिसरं. मग तो मॉल, जिथे एसी एवढा की दूध ठेवलं तर कुल्फी होईल. तिथली पोरगी, लिपस्टिक ओठांबाहेर, मला "मॅम मॅम" करत म्हणते, "मॅम, इसमें मिल्क सेन्सर है." मी म्हटलं, तो सेन्सर बंद करता येतो का? म्हणाली, "क्यों, मॅम?" आता काय सांगू? इसके सामने हमारे कुलदैवत खड़े होंगे म्हणू? मी फक्त विचारलं, पण दूध उतू जाईल का? ती मॅनेजरला बोलवायला गेली, ती गेलीच. आम्ही उभे. बाबा तोवर खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढत होते, आणि मला वाटलं नाक पुसणार असतील.

चुंबक. भंगार ओळखायचं, कारखान्यातलं, मुठीएवढं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इंडक्शनला चुंबक चिकटणारीच भांडी लागतात. त्यांनी ते शोभेच्या कढईजवळ नेलं फक्त, आणि ते असं खाडकन गेलं हातातून कढईवर की मी दचकले, मी दचकले तर माझं कोपर मागच्या वाट्यांना लागलं, आणि वाट्यांचा मनोरा होता तो. होता. मॅनेजर शेवटी आला तो त्या आवाजाने आला. पियुष म्हणाला, "यार, रूपाली." बस, एवढंच. आमच्या संसारातला अर्धा संवाद हाच आहे. आणि बाबा? बाबा कढईवरून चुंबक ओढून काढता काढता म्हणतात, "चिकटते म्हणजे हलका माल. चांगल्या स्टीलले चुंबक चिकटत नाही. जनमभर हा माल मी बाजूला काढला, अन् आता त्याच्यातच जेवा लागन." पूर्ण मॉल ऐकून राहिला होता. आम्ही हलक्या मालात जेवणार आहोत ही बातमी तेवढ्यात पार्किंगपर्यंत गेली असेल.

घरी सासूबाईंचा पितळी गंज, म्हणजे दूध तापवायचं पातेलं, माहेरचा, त्याला चुंबक ढुंकूनही बघेना. म्हणजे तो बाद. देवाचं दूध हलक्या मालात. सासूबाईंनी तो पदराने पुसून परत फळीवर ठेवला, आणि ते ठेवणं कसं असतं ते ज्यांना सासू आहे त्यांना मी काय सांगू.

बरं, शेवटी घेतलं कोणतं? लाज वाटते सांगायला. मी सगळ्या दुकानांत सगळ्या काचांची बटणं दाबून पाहिली. बटणं म्हणजे काय, नुसती काच, बोट लावलं की टूं. कुठे टूं एवढं जोरात की माझा हात झटका बसल्यासारखा मागे. तर जिथे टूं सगळ्यात हळू होतं ते घेतलं. एम.कॉम. बाईने कानाने चूल निवडली. आणि तिथल्या विक्रेत्याला मी विचारलं, पुन्हा विचारलं, पण दूध उतू जाईल का? तो दिवसभर उभा राहून दमलेला, डोळे लाल, म्हणाला, "हाँ, दीदी. जितना गिराना है गिराओ." इतकं मायेने माझ्याशी या सगळ्या खरेदीत कोणीच बोललं नव्हतं. मी विश्वास ठेवला. खोटं बोलणाऱ्यांना आवाज फार गोड दिलेला असतो हो, ही सोय कोणी केली कळत नाही.

आणि मग ओट्याचा दगड कापला. तेच खरं. एकदा त्या काळ्या ग्रॅनाइटला तेवढं भोक पडलं की संपलं, आता तिथे हीच काच बसणार, दुसरी कोणतीही ठेवा, एकतर आत पडेल नाहीतर वर तरंगेल. कापणारा गेला, धूळ खाली बसली, मी त्या भोकातून खालच्या कपाटात बघत उभी राहिले आणि मला वाटलं, यातून आपण आरपार पडू शकतो.

गृहप्रवेशाचा दिवस. घरात माणसंच माणसं. नाना आले, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, पंचांग घेऊन, राहुकाळाच्या आधी दूध उतू गेलंच पाहिजे म्हणून. सोनियाताई नवी साडी नेसून, किचनच्या दारात, मला बघायच्या सोयीच्या जागी. बाबांनी ओट्याखाली वाळूची बादली ठेवली होती. मी विचारलं नाही. हलक्या मालाचा नवा गंज, त्याला हळद-कुंकू, त्यात दूध काठाच्या बोटभर खाली येईल इतकं. सासूबाईंनी हात जोडले. मी बोट लावलं. टूं.

आणि चढलं. तुम्हाला सांगते, सुरेख चढलं. पांढरा फेस काठापर्यंत, सगळे पुढे वाकले, नानांनी शंख तोंडाला लावला, सासूबाईंचे ओठ हलायला लागले, आणि... टूं. फेस बसला. नाना शंख घेऊन तसेच. पुन्हा चढायला लागलं, पुन्हा काठ, पुन्हा सगळे वाकले, आणि टूं, बसलं. जणू काय आत कोणी माणूस आहे जो वर येतो, आम्हाला बघतो आणि खाली जातो. मी बटण शोधायला लागले, "बॉइल" असं काही, पण बाबा फडकं घेऊन आले, म्हणे, "काचेवर धूळ आहे म्हणून नीट पकडत नसन," आणि त्यांनी ती काच अशी रगडली, अशी रगडली की काचेवर एक कुलूप पेटलं. लाल. चिमुकलं. पोरांनी हात लावू नये म्हणून असतं ते. आता कुठेही बोट लावा, टूं म्हणतं आणि काही करत नाही. दूध मात्र त्याच्याच लहरीने चालू.

"दीवार वाले स्विच से बंद कर दूं?" पियुष म्हणाला.

"हात तं लावून पाह्य," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पेटवलेली चूल दूध उतू गेल्याबिगर विझवाची नसते."

सोनियाताई म्हणाली, "चमच्यानं थोडंसं सांडून द्या न, आई. कोणाले कळते?"

"देवाले कळत नाही काय? तो काय तुया नवरा आहे?"

नाना म्हणाले, "तसं पाहिलं तं काठाले लागलंच आहे. उतू गेल्यासारखंच आहे."

"सारखं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या, आणि नानांनी पंचांग उघडून त्यात तोंड घातलं.

मग मी फोन लावला. डब्यावर नंबर होता. ग्राहक सेवा. हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा, माणसाशी बोलायला काहीच दाबता येत नाही. मग गाणं. नुसतं वाजणारं, शब्द नसलेलं, लिफ्टमध्ये असतं तसं. मग एक बाई अगदी प्रेमाने, "आपका कॉल हमारे लिए बहुत महत्वपूर्ण है." एवढा महत्त्वपूर्ण की कोणाला उचलायची हिंमत होत नाही? मग गाणं. मी स्पीकरवर ठेवला, आता सगळ्या घराने ते गाणं ऐकायला सुरुवात केली. मधूनच बाई म्हणते महत्वपूर्ण, काच म्हणते टूं, नाना पानं उलटतात. मी मनात तयारी करून राहिले, काय सांगायचं. भैया, दूध उफन नहीं रहा. हे तक्रार म्हणून सांगायचं? कोण ऐकून घेईल? पियुष गॅलरीत जाऊन खाली बघत होता, दुसरं दूध मिळेल का म्हणून. त्या रुंद, स्वच्छ, राजधानीच्या रस्त्यावर दूरवर एक कुत्रा चालला होता. तेवढंच.

आणि सासूबाई उठल्या. पूजेची पिशवी उचलली, तांब्या आत टाकला, वरून रुमाल घातला. "चला जी," बाबांना म्हणाल्या, "गाडी काढा. राहुकाळ लागून राहिला." माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. बाबा वाळूची बादली घेऊन खाली गेले, कुठेही जाताना ते ती नेणारच होते. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सोनियाताईने माझ्या पाठीवर हात ठेवला, खरंच ठेवला, प्रेमाने, आणि म्हणाली, "जाऊ दे वं. उद्यापासून लायटर मी लावत जाईन." आणि मला तिथेच, त्या ओट्यापाशी, रडू येईल असं वाटलं, पण फोन चालू होता, आणि माझा कॉल महत्वपूर्ण होता.

नाना तेवढ्यात गंजात डोकावले. "विनोदिनी," सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "अवं, हे तं आटलं."

सासूबाई दारातून परत आल्या. पिशवी खांद्यालाच. डोकावल्या. चढ-उतर, चढ-उतर करता करता दूध अर्ध्यावर आलेलं, रंग बदललेला, कडेला सायीचे थर. घट्ट. त्यांनी पळी घातली, उचलली, धार पाहिली. "आता हे कायले उतू जाते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं झालं, ऐकून घे, रूपाली.

आणि गाणं थांबलं.

"नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?"

माणूस होता. खरा, जिवंत. मी तयार केलेलं सगळं हिंदी एका झटक्यात डोक्यातून गेलं, मी नुसतं "हॅलो, हॅलो" करत सासूबाईंकडे बघत राहिले. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. आत हात घातला, तांब्या बाजूला सारला आणि प्रसादाच्या पुडीतून इलायची काढून नखाने सोलायला लागल्या. सोनियाताईला म्हणाल्या, "जाय, त्याहिले म्हण गाडी बंद करा अन् वर या. जेवूनच जाऊ. हे दोघं राहतीन मंग इथंच, एवढं दूध कोण नेते बीरगांवले."

"मैडम? बताइए, मशीन में क्या समस्या है?"

"विचार त्याले," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साखर कवा टाकाची."

विचारलं मी.